दहापैकी दहा

पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे आपल्याकडे घरोघर कौतुक होते. पेढे वाटले जातात, छायाचित्र छापून येते. त्या आनंदात गुण मोजणाऱ्या पट्टीचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि तसे करण्याचे कारणही नसते. गणिताच्या उत्तरपत्रिकेत पैकीच्या पैकी गुण पडणे समजण्यासारखे आहे, कारण उत्तर बरोबर तरी असते किंवा चूक तरी असते. परंतु निबंधाला पैकीच्या पैकी गुण द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे? नृत्याला? देहाच्या एखाद्या सुंदर हालचालीला? याहून सुंदर असे काही संभवतच नाही, असा निवाडा परीक्षकाने कशाच्या आधारावर द्यावा?

या प्रश्नाने एका खेळाला पुरते कोंडीत धरले होते. त्या खेळाची, आणि त्यातील एका असामान्य मुलीची हकीकत आज सांगावयाची आहे. मुलीचे नाव बियांका पानोव्हा. देश बल्गेरिया. १९८७ साली जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत तिने एकूण आठ वेळा आपली कला सादर केली आणि आठही वेळा तिला दहापैकी दहा गुण मिळाले. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक स्पर्धेत ती चौथी आली. पदकांच्या चौथऱ्यावर तिला जागा मिळाली नाही. या दोन घटनांमध्ये दीड वर्षाचेही अंतर नाही. त्यांच्या मध्ये काय घडले, हे समजून घ्यावयाचे तर आधी हा खेळ समजून घेतला पाहिजे.

या खेळाला रिदमिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजेच तालबद्ध जिम्नॅस्टिक्स म्हणतात. दांड्यावर झोके घेणे, घोड्यावरून उडी मारणे, अरुंद तुळईवर कोलांट्या घेणे हे जिम्नॅस्टिक्सचे रूप आपल्या परिचयाचे आहे. तालबद्ध प्रकारात यांपैकी काहीच नसते. एक चौरस गालिचा असतो. आजच्या नियमांप्रमाणे त्याची बाजू १३ मीटर असते. त्यावर एकटी मुलगी संगीताच्या साथीने दीड मिनिटाच्या आत आपला प्रयोग पुरा करते, आणि तिच्या हाती एक साधन असते. दोरी, कडे, चेंडू, मुद्गलांची जोडी आणि फीत अशी ही पाच साधने. पैकी दोरी ज्येष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धांतून पुढे वगळण्यात आली. फीत तब्बल ६ मीटर लांबीची असते, आणि सबंध प्रयोगभर ती हवेत जिवंत राहावी लागते. तिची गाठ पडता कामा नये, तिचे टोक मरगळून जमिनीवर पडून राहता कामा नये. आपल्याकडील लेझमीत हातातले साधन आणि पायांचा ठेका जसे एकजीव होतात, तसे येथे साधन आणि सर्व शरीर एकजीव व्हावे अशी अपेक्षा असते.

या साधनांपैकी मुद्गलांच्या जोडीशी आपले जुने नाते आहे. आपल्या आखाड्यांतून मल्ल जी जोडी फिरवीत, ती इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहिली, सैनिकांच्या व्यायामात घेतली आणि मायदेशी नेली. युरोपात आणि अमेरिकेत ती ‘इंडियन क्लब्ज’ याच नावाने रूढ झाली. १९०४ आणि १९३२ या दोन ऑलिंपिक स्पर्धांत तर जोडी फिरविण्याची स्वतंत्र शर्यत होती. या प्रवासात आखाड्यातील अवजड लाकूड हलके होत गेले. आज तालबद्ध जिम्नॅस्टिक्समधील एकेका मुद्गलाचे किमान वजन अवघे १५० ग्रॅम असते आणि लांबी ४० ते ५० सेंटिमीटर. मल्लाच्या खांद्याची ताकद वाढविणारे हे साधन मुलींच्या बोटांचे कसब पाहणारे झाले. हे कसब किती निष्ठुरपणे पाहिले जाते, ते पुढे येईलच.

या खेळाचे सारे नाट्य एका गोष्टीत साठलेले आहे: साधन हातातून सोडावे लागते. ते उंच उडवावयाचे, ते हवेत असताना गिरकी घ्यावयाची किंवा कोलांटी मारावयाची, आणि ते जमिनीला लागण्यापूर्वी नेमक्या जागी पोहोचून झेलावयाचे. कधी पाठीमागे, कधी न पाहता, कधी पायाने. सात-आठ मीटर उंच उडविलेली वस्तू हाती परत येण्यास जेमतेम अडीच सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत मुलीने दोन-तीन वेळा दिशा बदललेली असते. मल्लखांबावरील खेळाडूला लाकडाचा आधार असतो. तो खांब जागचा हलत नाही. येथे आधारच हवेत भिरकावलेला असतो. म्हणून या खेळात कौशल्य आणि अपघात यांच्यामधील अंतर बोटभरच असते, आणि ते प्रेक्षकालाही दिसते.

हा खेळ मुख्यतः पूर्व युरोपात वाढला. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली बुडापेस्ट येथे झाली. सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया ही दोन राष्ट्रे प्रारंभापासून आघाडीवर होती. सोव्हिएत संघाचा विस्तार आणि साधनसंपत्ती जगाला ठाऊक होती. बल्गेरियाची लोकसंख्या मात्र १९८० च्या दशकात ९० लाखांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या एकट्या मुंबई शहराएवढीच होती. तरीही मारिया गिगोव्हा हिने १९६९, १९७१ आणि १९७३ अशा तीन स्पर्धांत जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९७४ पासून राष्ट्रीय संघाची सूत्रे नेश्का रोबेव्हा या प्रशिक्षिकेकडे आली आणि सुमारे पाव शतक त्यांच्याकडेच राहिली. रोबेव्हाबाई स्वतः या खेळातल्या. नृत्यरचनेची दृष्टी त्यांना उपजत होती. त्यांच्या मुलींच्या प्रयोगांत वेग होता, धोका होता आणि नाट्य होते. १९८१ ते १९८७ या काळात झालेल्या चारही जागतिक स्पर्धांत सर्वांगीण अजिंक्यपद बल्गेरियाकडेच गेले. त्या देशात या मुलींना ‘सोनेरी मुली’ म्हणत. लहान राष्ट्राला आपली ओळख जगाला पटवून देण्यासाठी काहीतरी लागते. बल्गेरियाला या मुली लाभल्या होत्या.

बियांका पानोव्हा हिचा जन्म २७ मे १९७० रोजी सोफिया येथे झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात ती रोबेव्हाबाईंच्या संघात चमकू लागली. १९८६ साली फ्लॉरेन्स येथील युरोपीय स्पर्धेत तिने आपल्याच संघातील ज्येष्ठ खेळाडू लिलिया इग्नातोव्हा हिच्या बरोबरीने सर्वांगीण विजेतेपद मिळविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तालबद्ध जिम्नॅस्टिक्सला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. परंतु सोव्हिएत संघाने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि बल्गेरिया त्यात सामील झाला. जगातील सर्वोत्तम मुली घरीच राहिल्या आणि पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फुंग हिने जिंकले. फुंगचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. पण बल्गेरियाच्या त्या पिढीच्या मनात एक रिते स्थान राहिले. या खेळात मुलींचे वय लवकर सरते. चार वर्षे थांबणे म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत संधी कायमची जाणे. त्यामुळे १९८८ सालच्या सोल येथील ऑलिंपिककडे सारा देश डोळे लावून बसला होता.

त्याआधीचे वर्ष पानोव्हाच्या आयुष्यातील वैभवाचे ठरले. १९८७ ची जागतिक स्पर्धा काळ्या समुद्राच्या काठी, बल्गेरियातील वार्ना शहरी भरली. त्या काळी पाचांपैकी चार साधने स्पर्धेत असत; या खेपेस चेंडूला विश्रांती होती. प्रथम चारही साधनांवर सर्वांगीण स्पर्धा आणि नंतर प्रत्येक साधनाची स्वतंत्र अंतिम फेरी, असे प्रत्येकीचे आठ प्रयोग होत. पानोव्हाला आठही प्रयोगांत दहा गुण मिळाले. ८० पैकी ८०. सर्वांगीण विजेतेपद आणि चारही साधनांची विजेतेपदे, अशी पाचही सुवर्णपदके तिने घेतली. एकाच जागतिक स्पर्धेत वैयक्तिक गटातील सर्व विजेतेपदे मिळविणारी ती पहिलीच. तिचे नाव विक्रमांच्या गिनेस ग्रंथात गेले. त्या वेळी तिचे वय सतरा वर्षांचे होते.

आता पट्टीकडे वळू. १९७६ साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेची या चौदा वर्षांच्या मुलीला दहापैकी दहा गुण मिळाले, तेव्हा फलकावर १.०० हा आकडा उमटला होता. दहा हा आकडा दाखविण्याची सोयच त्या फलकावर नव्हती, कारण तशी गरज पडेल असे कोणाला वाटले नव्हते. त्यानंतर दहा-बारा वर्षांत तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या गालिच्यावर दहाचा जणू पाऊस पडू लागला. मुलींचे कसब खरोखरच वाढले होते, यात शंका नाही. पण पट्टी होती तेवढीच राहिली. जी मुलगी काल अशक्य वाटणारी झेल घेऊन दहा मिळवी, ती आज त्याहून अवघड झेल घेऊनही दहाच मिळवू शके. तिच्या शेजारी, थोडा सोपा पण निर्दोष प्रयोग करणाऱ्या मुलीलाही दहाच गुण पडत.

अशा स्थितीत सप्टेंबर १९८८ च्या अखेरीस सोल येथे स्पर्धा झाली. पद्धत अशी होती की प्राथमिक फेरीतील चार प्रयोगांच्या गुणांची निम्मी बेरीज अंतिम फेरीच्या बेरजेत मिळवावयाची. म्हणजे प्राथमिक फेरीचे जास्तीत जास्त २० आणि अंतिम फेरीचे ४०, असे एकूण ६०. प्राथमिक फेरीत मुद्गलांच्या प्रयोगात पानोव्हाच्या हातून एक मुद्गल निसटले आणि गालिच्यावर पडले.

एरवी अशा क्षणी खेळाडूला एक आशा असते. पुढे सरस खेळून गेलेले भरून काढता येईल, असे तिला वाटते. क्रिकेटमध्ये सोडलेल्या झेलाची भरपाई शतकाने होऊ शकते. कुस्तीत गेलेला गुण पुढच्या डावात परत मिळतो. सोलच्या गालिच्यावर तशी सोय नव्हती. पानोव्हाने उरलेले प्रयोग कितीही उत्कृष्ट केले असते, तरी प्रत्येकी दहाच्या पलीकडे तिला काहीही मिळणार नव्हते. आणि समोरच्या मुली तितके गुण मिळवीतच होत्या. सोव्हिएत संघाकडून खेळणाऱ्या बेलारूसच्या मारिना लोबाच हिने एकही गुण न गमावता ६० पैकी ६० गुणांसह सुवर्णपदक जिंकले. बल्गेरियाची आद्रियाना दुनाव्स्का ५९.९५० गुण मिळवून दुसरी आली, सोव्हिएत संघाचीच अलेक्सांद्रा तिमोशेंको ५९.८७५ गुणांसह तिसरी. पानोव्हाला ५९.७२५ गुण मिळाले. पहिल्या आणि चौथ्या क्रमांकातील अंतर ०.२७५ गुणांचे, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते.

लोबाचच्या यशात उणे काढण्याचा येथे हेतू नाही. ती पानोव्हाहून केवळ एका महिन्याने लहान. ऑलिंपिकच्या दडपणाखाली आठही प्रयोग निर्दोष करणे ही असामान्य गोष्ट होय, आणि त्या दिवशी साधन तिच्या हातून सुटले नाही, हे सत्य आहे. परंतु त्या निकालाने नेमके काय मोजले, हे पाहण्यासारखे आहे. सगळ्यांना वरची मर्यादा गाठता येऊ लागली की पट्टी गुणवत्ता मोजण्याचे सोडून देते आणि केवळ चुका मोजू लागते. कोण किती उंच गेली, याचे उत्तर तिच्यापाशी नसते. कोण घसरली, एवढेच ती सांगू शकते.

शासकीय सेवेतील माणसाला हे सहज समजावे. केंद्र सरकारच्या नोकरीत वार्षिक कार्यमूल्यमापनाच्या अहवालात १ ते १० असे अंक द्यावयाचे असतात, आणि तसे अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडेही येते. वरिष्ठ उदार असले की कचेरीतील बहुतेक सर्वांना नऊ किंवा दहा अंक पडतात. वरकरणी सर्व जण संतुष्ट असतात. मग पदोन्नतीची वेळ येते, आणि समितीपुढे वीस सारखे अहवाल असतात. ज्याने अवघड जिल्ह्यात नवे काही करून पाहिले आणि त्यात एखादा शेरा ओढवून घेतला, तो मागे पडतो. ज्याने कशालाच हात लावला नाही, त्याची कोरी पाटी पुढे सरकते. उदारपणे वाटलेले पूर्ण गुण अखेर सर्वांत धाडसी माणसालाच महाग पडतात.

तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या धुरीणांनाही ही अडचण जाणवली असली पाहिजे. १९९२ साली बार्सिलोना येथे गुणदान पुष्कळ कडक झाले होते. तिमोशेंकोने सुवर्णपदक जिंकले ते ६० पैकी ५९.०३७ गुणांवर. पुढे नियम अनेकदा बदलले, आणि २०१८ पासून प्रयोगाच्या अवघडपणाला मिळणाऱ्या गुणांवरील वरची मर्यादाच काढून टाकण्यात आली. जितके अवघड कराल तितके अधिक मिळवाल, आणि चुकाल तितके गमावाल, असा हिशेब आला. या बदलाचा अर्थ २०२१ साली टोकियो येथे जगाला दिसला. अंतिम फेरीत इस्रायलच्या लिनोय अश्राम हिच्या हातून फीत निसटली; तरीही १०७.८०० गुणांसह तिने सुवर्णपदक जिंकले. तीन वेळा सर्वांगीण जगज्जेती ठरलेली रशियाची दिना आव्हेरिना १०७.६५० गुणांवर राहिली. रशियाच्या बाजूने या निकालाविषयी कडवट तक्रार झाली. साधन हातून पडूनही सुवर्णपदक कसे, हा त्यांचा सवाल होता. तेहतीस वर्षांपूर्वी पानोव्हाच्या चाहत्यांनी नेमका उलटा सवाल केला असता: एकदा पडले, एवढ्याने बाकीचे सारे पुसून कसे गेले?

नव्या पट्टीने सर्व प्रश्न सुटले, असे मात्र समजू नये. अवघडपणाला मर्यादा नाही म्हटल्यावर मुली दीड मिनिटात इतक्या करामती कोंबू लागल्या की नृत्य आणि संगीत मागे पडले, अशी ओरड झाली. म्हणून २०२२ पासून अवघड घटकांची संख्या आटोक्यात आणून कलात्मकतेचे गुण सफाईच्या गुणांपासून वेगळे करण्यात आले. पट्टी बदलली की माणसे पट्टीप्रमाणे वागू लागतात, आणि मग पट्टी पुन्हा बदलावी लागते. हा क्रम केवळ खेळातच चालतो असे नाही.

याहून गंभीर प्रश्न या मुलींच्या आयुष्याचा आहे. जेथे एक निसटलेली वस्तू सारे काही ठरविते, तेथे ती निसटू नये म्हणून कोवळ्या वयात काय काय सोसावे लागत असेल, याची कल्पना करावी. दिवसाचे कित्येक तास सराव, वजनाच्या काट्याचा धाक, दुखऱ्या सांध्यांवर पट्ट्या बांधून पुन्हा गालिच्यावर उभे राहणे, आणि प्रशिक्षकांचे कठोर शब्द. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या मार्गारिता मामून हिच्या तयारीवर पोलंडच्या मार्ता प्रुस यांनी ‘ओव्हर द लिमिट’ नावाचा माहितीपट केला आहे. तो पाहताना पदकापेक्षा त्या मुलीचा चेहराच अधिक लक्षात राहतो. निर्दोषतेची मागणी करणाऱ्या प्रेक्षकांत आपणही असतो. त्या मागणीची किंमत कोण देते, याचा विचार आपणही केला पाहिजे.

पानोव्हाने सोलनंतर लगेच खेळ सोडला नाही. १९८९ साली सारायेव्हो येथील जागतिक स्पर्धेत ती उतरली आणि सर्वांगीण स्पर्धेत तिमोशेंकोच्या मागोमाग रौप्यपदक घेऊन आली. जेथे जगाने आपली चूक पाहिली, त्याच प्रकारच्या गालिच्यावर वर्षभरात पुन्हा उभे राहून साधन पुन्हा उंच उडविणे, याला मोठे धैर्य लागते. पुढे ती प्रशिक्षक झाली, आणि मायदेशापासून दूर सिंगापूर येथेही तिने मुलींना हा खेळ शिकविला. बल्गेरियातील परंपराही खंडित झाली नाही. २०२१ साली टोकियोत बल्गेरियाच्या मुलींनी सांघिक सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ साली पॅरिस येथे बोरियाना कालेन हिने वैयक्तिक रौप्यपदक मिळविले.

वार्ना येथील ८० पैकी ८० आणि सोल येथील ६० पैकी ५९.७२५ हे दोन्ही आकडे एकाच मुलीचे आहेत. पहिल्या आकड्यावरून ती सर्वथा निर्दोष होती असे ठरत नाही; दुसऱ्यावरून ती कमी प्रतीची होती असेही ठरत नाही. ज्या खेळात वस्तू हातात घट्ट धरून ठेवली तर खेळच उरत नाही, तेथे ती कधीतरी पडणार हे उघड आहे. श्रोतेहो, आपल्या घरातील मुलांच्या गुणपत्रिका हाती घेताना, आणि आपल्या हाताखालील माणसांचे अहवाल लिहिताना, गुण किती पडले हे अवश्य पाहावे. पण मुलाने वस्तू किती उंच उडविली होती, हेही त्याला एकदा विचारावे.